अँड्रॉइड स्टुडिओ पहिल्यांदा बसवतोय: ८ जीबी रॅम, ग्रेडल अडकतं, फोन दिसत नाही

नवी_पाटी (प्रश्न)

जावा बऱ्यापैकी येतं, मोबाइल ॲपला मात्र पहिल्यांदाच हात घालतोय. विंडोज ११, रॅम ८ जीबी, एसएसडीवर साधारण ६० जीबी जागा मोकळी. एका व्हिडिओत सांगितलं म्हणून आधी जेडीके २१ वेगळं बसवलं, ग्रेडलही (कोडमधून ॲप बांधणारं साधन) वेगळं उतरवून पाथमध्ये टाकलं, मग अँड्रॉइड स्टुडिओ बसवला. आता चार ठिकाणी घोडं अडलंय:

१) नवा प्रोजेक्ट केला की सिंक (स्टुडिओने ग्रेडलकडून प्रोजेक्टची मांडणी वाचून घेणं) होत नाही, पाथमध्ये नॉन-आस्की अक्षरं आहेत असं म्हणतं. विंडोजचं यूजरनेम देवनागरीत आहे आणि प्रोजेक्टच्या फोल्डरचं नावही.
२) व्हिडिओसोबत दिलेला तयार प्रोजेक्ट उघडला तर ‘अनसपोर्टेड क्लास फाइल मेजर व्हर्जन ६५’.
३) एम्युलेटर (संगणकावर चालणारा आभासी फोन) चालू केला की लॅपटॉप गोठतो.
४) फोन केबलने जोडला तरी स्टुडिओत दिसत नाही.

सगळं पुसून पहिल्यापासून बसवू का? की फ्लटरने (अँड्रॉइड-आयफोन दोन्हींसाठी ॲप बनवायची गूगलची चौकट) सुरुवात केली तर हे सगळं टळेल?


संकलक (प्रतिसाद)

सगळं पुसू नका. जास्तीचं बसवलंय तेवढंच काढा.

स्टुडिओच्या पोटात त्याचा स्वतःचा जावा असतो, हल्लीच्या आवृत्त्यांत २१. आणि ग्रेडल तर प्रत्येक प्रोजेक्ट आपापल्या मापाचं आणतो. प्रोजेक्टमध्ये ‘ग्रेडल’ फोल्डर आहे, त्यात ‘रॅपर’, त्यात ‘ग्रेडल-रॅपर डॉट प्रॉपर्टीज’ ही फाइल. तिच्यातली ‘डिस्ट्रिब्युशन यूआरएल’ची ओळ वाचा: कुठली आवृत्ती उतरवायची ते तिथे लिहिलेलं असतं. स्टुडिओ पाथमधल्या ग्रेडलकडे ढुंकूनही बघत नाही. ते तिथे ठेवलं तर एखाद्या दिवशी टर्मिनलमध्ये तुम्ही चुकून ‘ग्रेडल’ टाइप कराल, दुसरीच आवृत्ती चालेल आणि तास-दोन तास वाया जातील. टर्मिनलमधून बिल्ड करायचा असेल तर प्रोजेक्टमधली ‘ग्रेडल-डब्ल्यू’ ही फाइल चालवायची.

आता ६५. हा आकडा म्हणजे जावाच्या क्लास फाइलचा छाप. ५२ म्हणजे जावा ८, ५५ म्हणजे ११, ६१ म्हणजे १७, ६५ म्हणजे २१. लक्षात ठेवायचं तर आकड्यातून ४४ वजा करा, जावाची आवृत्ती मिळते. एररचा अर्थ एवढाच: प्रोजेक्टचं ग्रेडल जुनं आहे आणि ते ज्या जावावर चालवलंय तो त्याला ओळखीचा नाही. जावा २१ वर चालायला ग्रेडल ८.५ किंवा पुढचं लागतं, जावा १७ वर चालायला ७.३ किंवा पुढचं.

उपाय असा. सेटिंग्ज, बिल्ड-एक्झिक्यूशन-डिप्लॉयमेंट, बिल्ड टूल्स, ग्रेडल. तिथे ‘ग्रेडल जेडीके’ची यादी आहे. रॅपर फाइलमध्ये ७.३ ते ८.४ यातलं काही दिसलं तर १७ निवडा, यादीत नसेल तर तिथेच ‘डाउनलोड जेडीके’ आहे. ७.३ च्या आधीचं असेल तर ११. आणि प्रोजेक्ट त्याहून जुना निघाला तर सोडून द्या, दुसरा शोधा. शिकायला आलात, उत्खननाला नाही.

उलट चूकही होते, तीही सांगून ठेवतो. अँड्रॉइड ग्रेडल प्लगइन ८.० पासून पुढे किमान जावा १७ लागतोच. नवा प्रोजेक्ट ‘जावा १७ हवा, ११ वापरताय’ असं म्हणाला तर जागा तीच, फक्त यादीतून वरचा निवडायचा.


संकलक (प्रतिसाद)

पहिला मुद्दा राहिला. विंडोजवर अँड्रॉइडचा ग्रेडल प्लगइन प्रोजेक्टचा पाथ तपासतो आणि त्यात रोमनबाहेरचं अक्षर दिसलं की थांबतो. ‘ग्रेडल डॉट प्रॉपर्टीज’मध्ये ‘अँड्रॉइड डॉट ओव्हरराइडपाथचेक’ ट्रू करा, असा सल्ला सगळीकडे मिळेल. त्याने तपासणी बंद होते, अडचण तशीच राहते. पुढे टेस्ट चालवताना क्लास सापडत नाही, एम्युलेटर उघडता उघडता बंद पडतो, आणि तोवर देवनागरी पाथ आपण कधीच विसरून गेलेले असतो.

फोल्डरचं नाव बदलणं सोपं आहे: सी ड्राइव्हच्या मुळाशीच एक छोट्या रोमन नावाचा फोल्डर करा, नावात स्पेस नको, आणि सगळे प्रोजेक्ट त्यात ठेवा. पाथ आखूड राहिला तर विंडोजच्या २६० अक्षरांच्या मर्यादेचाही जाच होत नाही. प्रोजेक्ट डेस्कटॉपवर किंवा डॉक्युमेंट्समध्ये ठेवू नका. ते फोल्डर बऱ्याचदा वनड्राइव्हशी जोडलेले असतात, आणि बिल्ड चालू असताना वनड्राइव्ह फाइल धरून बसलं की ‘डिरेक्टरी डिलीट करता येत नाही’ हा एरर ठरलेला.

यूजरनेमचं जरा किचकट आहे. सेटिंग्जमध्ये जाऊन खात्याचं नाव बदललं तरी ‘यूजर्स’मधल्या फोल्डरचं नाव जुनंच राहतं. स्वच्छ मार्ग म्हणजे रोमन नावाचं नवं लोकल खातं उघडून डेव्हलपमेंट त्यात करणं. ते नको असेल तर तीन गोष्टी बाहेर हलवा:

एसडीके, म्हणजे अँड्रॉइड ॲप बांधायला लागणाऱ्या साधनांचा संच: स्टुडिओच्या एसडीके मॅनेजरमध्ये वर ‘अँड्रॉइड एसडीके लोकेशन’ आहे, शेजारी ‘एडिट’. नवी जागा सी ड्राइव्हच्या त्या फोल्डरात द्या.
ग्रेडलची कॅश: ‘ग्रेडल_यूजर_होम’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल.
एम्युलेटरच्या फाइल्स आणि की: ‘अँड्रॉइड_यूजर_होम’.

व्हेरिएबलची नावं टाइप करताना रोमन कॅपिटल अक्षरांत, मध्ये अंडरस्कोअर. नंतर स्टुडिओ पूर्ण बंद करून उघडायचा, नाहीतर त्याला नवी किंमत कळत नाही. जुन्या लेखांत ‘अँड्रॉइड_एसडीके_रूट’ दिसेल, ते आता मागे पडलंय. एसडीकेची जागा सांगायला ‘अँड्रॉइड_होम’ वापरतात.


अर्धविराम (प्रतिसाद)

तिसऱ्या मुद्द्यावर. ८ जीबीत लॅपटॉप का गोठतो याचा हिशेब मांडून बघा. विंडोज आणि ब्राउझर मिळून तीन-साडेतीन जीबी. स्टुडिओचा हीप, म्हणजे त्याला वापरायला दिलेली मेमरी, सुमारे २ जीबी. नव्या प्रोजेक्टच्या ‘ग्रेडल डॉट प्रॉपर्टीज’मध्ये ‘एक्सएमएक्स २०४८ एम’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे ग्रेडल डीमनला (पडद्यामागे चालत राहणारा प्रोग्राम) आणखी २ जीबीपर्यंत मोकळीक. कोटलिन या भाषेचा कंपायलर स्वतःचा वेगळा डीमन उठवतो आणि मर्यादा ग्रेडलचीच उचलतो. इथेच ८ जीबी संपले, एम्युलेटर अजून दारात उभा आहे. अधिकृत गरजही तशीच सांगतात: नुसत्या स्टुडिओला किमान ८ जीबी, एम्युलेटरसह १६.

म्हणून तुमच्या मशीनवर एम्युलेटर नकोच. ॲप खऱ्या फोनवर चालवा. वर हे करा:

‘ग्रेडल डॉट प्रॉपर्टीज’मध्ये २०४८ चं १५३६ करा. शिकाऊ प्रोजेक्टला पुरतं. ‘आउट ऑफ मेमरी’ किंवा ‘जीसी ओव्हरहेड’ आलं तर परत २०४८.
त्याच फाइलमध्ये ‘कोटलिन डॉट कंपायलर डॉट एक्झिक्यूशन डॉट स्ट्रॅटेजी’ला ‘इन-प्रोसेस’ द्या. कोटलिनचा वेगळा डीमन उठत नाही.
एका वेळी एकच प्रोजेक्ट उघडा. काम झाल्यावर टर्मिनलमध्ये ‘ग्रेडल-डब्ल्यू’ला ‘डॅश डॅश स्टॉप’ द्या. नाहीतर डीमन रिकामा असला तरी ३ तास मेमरी अडवून बसतो.
डिफेंडरमधून प्रोजेक्टचा, एसडीकेचा आणि ग्रेडल कॅशचा फोल्डर वगळा. स्टुडिओ स्वतःच खाली कोपऱ्यात तशी सूचना देतो, लोक ती न वाचता बंद करतात. ग्रेडल हजारो बारीक फाइल्स लिहितं आणि अँटिव्हायरस एकेक हुंगत बसतो.

पहिलं सिंक मात्र वेळ खाणारच. ग्रेडल, प्लगइन, सगळ्या लायब्ररी तेव्हाच उतरतात. अर्धवट बंद करू नका. मध्येच तुटलं तर ग्रेडलच्या ‘रॅपर’मधल्या ‘डिस्ट्स’ फोल्डरात अर्धीमुर्धी झिप राहते आणि पुढच्या वेळी ‘झिप उघडता येत नाही’ असं येतं. तेवढ्या आवृत्तीचा फोल्डर पुसून पुन्हा सिंक करायचं, बाकीच्याला हात लावायचा नाही.


शून्याधारित (प्रतिसाद)

अर्धविराम यांच्याशी निम्मा सहमत. खरा फोन आधी, हे बरोबर. पण ‘नकोच’ म्हणू नये. एक फोन म्हणजे एक स्क्रीन, एक अँड्रॉइड आवृत्ती. टॅबलेटवर मांडणी कशी दिसते, जुन्या आवृत्तीत परवानगी कशी मागितली जाते, हे कधीतरी बघावंच लागतं.

आणि लॅपटॉप गोठण्याचं कारण दर वेळी रॅमच असतं असंही नाही. आधी टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, सीपीयू. खाली ‘व्हर्च्युअलायझेशन’समोर ‘एनेबल्ड’ आहे का? ‘डिसेबल्ड’ असेल तर बायोसमध्ये जाऊन इंटेल मशीनवर व्हीटी-एक्स, एएमडीवर एसव्हीएम चालू करा. मग ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’मध्ये ‘विंडोज हायपरव्हायझर प्लॅटफॉर्म’वर टिक आणि रीस्टार्ट. जुने लेख हॅक्सम (एम्युलेटरला वेग देणारं इंटेलचं सॉफ्टवेअर) बसवायला सांगतात, त्या वाटेला जाऊ नका. इंटेलने त्याचं काम २०२३ मध्ये थांबवलं. सगळं जमलं का ते बघायला एसडीकेच्या ‘एम्युलेटर’ फोल्डरात ‘एम्युलेटर डॅश ॲक्सेल-चेक’ चालवा. कुठला हायपरव्हायझर सापडला ते सरळ छापतं.

लिनक्सवर याच जागी केव्हीएम हा तिथला हायपरव्हायझर. आपला यूजर ‘केव्हीएम’ ग्रुपमध्ये घालायचा, आणि लॉगआउट करून परत यायचं. हे शेवटचं विसरल्यामुळेच निम्म्या तक्रारी येतात. ॲपलच्या स्वतःच्या चिपवाल्या मॅकवर काही बसवावं लागत नाही, फक्त सिस्टिम इमेज (एम्युलेटरमध्ये चालणारं अँड्रॉइड) एआरएम ६४ ची घ्यायची.

इमेज निवडताना ‘गूगल प्ले’ आणि ‘गूगल एपीआय’ यांतला फरक बघा. प्लेवाल्या इमेजवर एडीबीने (संगणकावरून फोनशी बोलणारं साधन) रूट मिळत नाही, म्हणजे सिस्टिमच्या आणि इतर ॲपच्या आतल्या फाइल्स उघडता येत नाहीत. शिकताना ‘गूगल एपीआय’वाली बरी. ८ जीबीवर चालवायचीच असेल तर एक-दोन आवृत्त्या जुनी इमेज, लहान स्क्रीनचा फोन, ब्राउझर बंद.


नवी_पाटी

फोल्डर हलवला, सिंक झालं! ग्रेडल जेडीके १७ केल्यावर तो जुना प्रोजेक्टही उघडला. धन्यवाद.

फोनचं अजून तसंच. डेव्हलपर ऑप्शन्स चालू आहेत, यूएसबी डीबगिंगही. ‘एडीबी डिव्हायसेस’ दिलं की यादी रिकामी. दुसरी केबल लावली तर फोनचा क्रमांक आला, पण पुढे ‘अनऑथराइज्ड’.


अर्धविराम (प्रतिसाद)

म्हणजे पहिली केबल नुसती चार्जिंगची होती, तिच्यात डेटाच्या तारा नसतात. ती बाजूला ठेवा, नाहीतर महिन्याभराने पुन्हा हाच धागा काढाल.

‘अनऑथराइज्ड’ म्हणजे फोनने तुमच्या संगणकाची की अजून मान्य केलेली नाही. फोनचं लॉक उघडून स्क्रीनकडे बघा, ‘अलाउ यूएसबी डीबगिंग’ अशी चौकट असेल, तिच्यात बोटांच्या ठशासारखी आकड्यांची ओळ. ‘ऑल्वेज अलाउ’वर टिक करून हो म्हणा. चौकट येतच नसेल तर डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘रिव्होक यूएसबी डीबगिंग ऑथरायझेशन्स’ दाबा, केबल काढा, संगणकावर ‘एडीबी किल-सर्व्हर’, मग केबल परत लावा.

पुढे आणखी तीन अडथळे येऊ शकतात.

एक. ‘एडीबी’चा आवृत्तीवाद. फोनची स्क्रीन संगणकावर दाखवणारी किंवा फोनचा बॅकअप घेणारी सॉफ्टवेअरं आपापली एडीबी बरोबर घेऊन येतात. सगळ्या एकाच ५०३७ पोर्टवर बसू पाहतात आणि ‘सर्व्हर व्हर्जन क्लायंटशी जुळत नाही, मारतोय’ असं म्हणत एकमेकींना बंद पाडत राहतात. फोन दिसतो, गायब होतो, परत दिसतो. ‘व्हेअर एडीबी’ दिलं की पाथमध्ये किती आहेत ते कळतं. एसडीकेच्या ‘प्लॅटफॉर्म-टूल्स’मधली एकच ठेवा.

दोन. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये फोनपुढे पिवळी खूण असेल तर ड्रायव्हर नाही. एसडीके मॅनेजरमधला ‘गूगल यूएसबी ड्रायव्हर’ गूगलच्याच फोनसाठी आहे. बाकीच्यांनी आपापल्या कंपनीच्या साइटवरून घ्यायचा.

तीन. फोन दिसतो पण ॲप बसत नाही, ‘इन्स्टॉल फेल्ड यूजर रिस्ट्रिक्टेड’. काही फोनांत यूएसबी डीबगिंगखेरीज ‘इन्स्टॉल व्हाया यूएसबी’ हा वेगळा खटका असतो. तोही चालू करा.

जाता जाता: डेव्हलपर ऑप्शन्स चालू असले की काही बँकिंग ॲप उघडायला नकार देतात. फोन बिघडलेला नसतो. तेवढ्यापुरतं बंद करायचं.


शून्याधारित (प्रतिसाद)

केबलचा कंटाळा आला तर अँड्रॉइड ११ पासून वायरलेस डीबगिंग आहे. स्टुडिओच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘पेअर युझिंग वाय-फाय’, क्यूआर स्कॅन केला की झालं. टर्मिनलमधून करताना एक ठेच सगळ्यांनाच लागते: ‘एडीबी पेअर’चा पोर्ट वेगळा आणि ‘एडीबी कनेक्ट’चा वेगळा. पहिला सहा आकडी कोडच्या चौकटीत दिसतो, दुसरा वायरलेस डीबगिंगच्या मुख्य पानावर. जोडी जमूनही कनेक्ट होत नसेल तर बहुतेक वेळा पेअरचाच पोर्ट पुन्हा टाकलेला असतो. दोन्ही उपकरणं एकाच वाय-फायवर हवीत, गेस्ट नेटवर्कवर नकोत. तिथे राउटर बऱ्याचदा उपकरणांना एकमेकांशी बोलू देत नाही.


संकलक (प्रतिसाद)

फ्लटरचं विचारलं होतंत. टळणार नाही. अँड्रॉइडचं ॲप बांधायचं तर एसडीके, ग्रेडल, जावा खाली तेच राहतात, फक्त दृष्टीआड होतात. एक फायदा खरा: संपादक म्हणून व्हीएस कोड घेतला तर मेमरी वाचते. स्टुडिओ मशीनवर असू द्या, एसडीके सांभाळायला बरा पडतो, रोज उघडायची गरज नाही. फ्लटरचा एसडीके ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये ठेवू नका, तिथे लिहायला ॲडमिनचे हक्क लागतात आणि अपडेट अडतं. ‘फ्लटर डॉक्टर’ जवळपास सगळ्यांना सांगतो की ‘कमांड-लाइन टूल्स’ नाहीत. ती एसडीके मॅनेजरच्या ‘एसडीके टूल्स’ टॅबमध्ये टिक करून घ्यायची. झिप हाताने सोडलीत तर ‘सीएमडीलाइन-टूल्स’च्या आत ‘लेटेस्ट’ नावाचा फोल्डर करून त्यात, थेट नाही. मग ‘फ्लटर डॉक्टर डॅश डॅश अँड्रॉइड-लायसेन्सेस’, आणि प्रत्येक प्रश्नाला वाय.

रिॲक्ट नेटिव्ह असेल तर यात नोडची भर, आणि केबलवर ॲप लाल पडदा दाखवून ‘सर्व्हर सापडत नाही’ म्हणालं तर ‘एडीबी रिव्हर्स’ देऊन ८०८१ पोर्ट जोडायचा. आयफोनसाठी ॲप बांधायला मॅक आणि एक्सकोड लागतातच, फ्लटर असो वा काही.

जावा येतं म्हणालात म्हणून एक सूचना. नवा प्रोजेक्ट करताना ‘एम्प्टी ॲक्टिव्हिटी’ निवडलीत तर कंपोझ (स्क्रीनची मांडणी कोडमध्येच लिहायची नवी पद्धत) मिळतं, आणि तिथे फक्त कोटलिन. जुन्या व्हिडिओत ‘लेआउट’ फोल्डर आणि एक्सएमएल फाइल दाखवतात, ती तुमच्या प्रोजेक्टमध्ये सापडणारच नाही. त्या व्हिडिओबरोबर चालायचं असेल तर ‘एम्प्टी व्ह्यूज ॲक्टिव्हिटी’ घ्या, तिथे जावाही निवडता येतं. माझ्या मते नव्याने सुरू करताय तर कंपोझच शिका आणि व्हिडिओ बदला.

‘मिनिमम एसडीके’ला २४ ठेवा, म्हणजे अँड्रॉइड ७.०. एसडीके मॅनेजरमध्ये सगळ्या आवृत्त्यांवर टिका करत सुटू नका. प्रोजेक्टच्या ‘कंपाइल एसडीके’एवढा एकच प्लॅटफॉर्म पुरतो, जुन्या फोनसाठी जुना प्लॅटफॉर्म उतरवावा लागत नाही.


नवी_पाटी

फोनवर चाललं! चौकटीत टिक राहिली होती. शेवटचा प्रश्न: ६० मधले आता ४१ जीबी उरलेत. यातलं काय पुसलं तर चालेल?


अर्धविराम (प्रतिसाद)

एम्युलेटर वापरत नसाल तर आधी ‘सिस्टिम-इमेजेस’, एसडीके मॅनेजरमधूनच काढा. एकेक इमेज उतरतानाच एक जीबीच्या आसपास असते आणि उलगडल्यावर फुगते. स्टुडिओच्या डिव्हाइस मॅनेजरमधले बनवलेले एम्युलेटरही काढा, त्यांचे स्नॅपशॉट कित्येक जीबी खातात. ग्रेडलच्या ‘डिस्ट्स’मधल्या नको त्या आवृत्त्या पुसा. ‘कॅशेस’ पूर्ण पुसलं तरी नुकसान नाही, पण पुढचं सिंक पुन्हा सगळं उतरवेल, तेव्हा चांगलं इंटरनेट असेल तेव्हाच.

‘डॉट अँड्रॉइड’ फोल्डरातली ‘डीबग डॉट कीस्टोअर’ मात्र राहू द्या. ती गेली तर स्टुडिओ मुकाट्याने नवी बनवतो, आणि फोनवरचं जुनं ॲप नव्या सहीचं अपडेट घेत नाही, ‘इन्स्टॉल फेल्ड अपडेट इनकम्पॅटिबल’ येतं. तसं झालंच तर फोनवरचं ॲप काढून पुन्हा चालवायचं. त्यातला डेटा जातो तेवढा.